दसऱ्याची छाटणी

जूनच्या मध्यावर, आठ वाजले तरी मावळायला तयार नसलेल्या उन्हात, मी एका परक्या देशातल्या परसात उभी होते आणि मला अचानक दिवाळीचा वास आला. फराळाचा नव्हे, फटाक्यांचा तर नव्हेच. द्राक्षाच्या फुलोऱ्याचा. ज्यांनी तो कधी घेतला नाही त्यांना तो सांगणे अवघड आहे. तो इतका हलका असतो की शोधायला जावे तर नाहीसा होतो, आणि दुर्लक्ष करावे तर येऊन खांद्याशी उभा राहतो. निफाडच्या बाजूला, जिथे माझे माहेर आहे, तिथे हा वास ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काही आठवड्यांनी येतो; दिवाळीच्या आगेमागे, पहाटेच्या गारव्यात. माझ्या देहाने त्या वासाशी उटणे, गार पडलेली फरशी आणि आईच्या हातांची घाई कायमची बांधून ठेवली होती. आणि इथे तो जूनमध्ये, पाठीवर ऊन घेत असताना! क्षणभर कळेना, चुकले कोण, वेल की मी.

चुकले कुणीच नव्हते. सातपूरच्या कारखान्याने माझ्या नवऱ्याला चौदा महिन्यांसाठी दक्षिण पोलंडमधल्या एका लहान गावी पाठवले होते, आणि महाविद्यालयात वर्षानुवर्षे कविता शिकवणारी मी रजा काढून त्याच्यामागे आले होते. आम्हाला मिळालेले घर जोडघर होते. अर्ध्या भागात आम्ही, उरलेल्या अर्ध्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई, एकट्या. दोन परसांच्या मध्ये गुडघ्याएवढे कुंपण, आणि त्यांच्या बाजूच्या विटांच्या भिंतीवर, दक्षिणेला तोंड करून, ती एकुलती एक द्राक्षवेल.

बाई खिडकीतून मला बघत होत्या. बाहेर आल्या, खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी बोलल्या आणि फोन माझ्यासमोर धरला.

“आपणांस काही हवे आहे काय?” फोनमधल्या बाईने अत्यंत शुद्ध मराठीत विचारले.

“हा वास माझ्या गावचा आहे,” मी म्हणाले.

फोनने ते त्यांच्या भाषेत सांगितले. त्यांनी आधी वेलीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि कुंपणाचे दार उघडले.

मी त्यांना काकू म्हणू लागले. हा आदराचा शब्द आहे एवढेच त्यांना उमगले, म्हणून त्याही मला काकू म्हणू लागल्या. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी “काकू!” “काकू!” असा पुकारा चाले आणि नवरा आतून म्हणे, “अगं, दोघींपैकी एक तरी पुतणी व्हा.”

त्या वेलीची हकिकत काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. त्यांचे यजमान तरुणपणी कामासाठी बल्गेरियात होते. तिथल्या उबेतून निघताना त्यांनी द्राक्षाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. सगळ्यांनी वेड्यात काढले, म्हणे ही वेल इथल्या थंडीत एक वर्ष काढणार नाही. काकूंनी काडी सरळ धरली आणि यजमानांनी मुळाशी माती लोटली. यजमान जाऊन आता बरीच वर्षे झाली. परसातली सफरचंदाची झाडे सासऱ्यांची, गुलाब काकूंचे. यजमानांच्या हातचे जिवंत असे त्या घरात एवढेच उरले होते. हे सांगताना काकूंचा आवाज हलला नाही. फक्त बोलता बोलता त्यांचा अंगठा खोडाच्या सुटलेल्या सालीवरून फिरत होता.

त्या उन्हाळ्यात मी खूप चालले, आणि चालताना दोन मुलूख शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा नादच लागला. आमचा मुलूख उभा आहे. सटाण्याकडे जावे की त्र्यंबककडे, काळ्या कातळाच्या पायऱ्या आणि वर सपाट माथे कुठून ना कुठून डोकावतात. वाट विचारणाऱ्याला आपण डोंगर दाखवून वाट सांगतो. तिथली जमीन निजलेली होती. कोण्या प्राचीन काळी बर्फ तिच्यावरून सरकत गेला आणि तिला लाटून गेला. शेतात मधूनच एखादा गुलाबी, गोल धोंडा पडलेला दिसे. तो त्या जमिनीचा नव्हेच, बर्फाने तो उत्तरेकडून, समुद्रापलीकडून वाहून आणून टाकलेला. आमचे दगड जिथे जन्मले तिथेच बसून आहेत, यांचे दगडही प्रवासी. माती हातात घेतली तर साखरेसारखी बोटांतून गळे. आमची काळी माती हात धरते; पावसात चप्पल ठेवून घेते, मे महिन्यात भेगाळते तेव्हा त्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो.

आणि सावली! नाशकात मे महिन्यात अशी एक दुपार येते की आपली सावली पायाखाली शिरते आणि माणूस क्षणभर सावलीवाचून उभा राहतो. तिथे भर उन्हाळ्यातल्या मध्यान्हीलाही सावली अदबीने बाजूला उभी असे. आम्हाला ऊन टाळायचे असते. पडदे, ओटे, आंब्याखालची बाज, सगळी रचना त्यासाठी. तिथे माणसे उन्हाकडे खुर्ची फिरवून बसत. काकू तर दर तासाला खुर्ची थोडी सरकवत, जणू उन्हाचे बोट धरून चालल्या आहेत.

मी हे सारे प्रेमाने टिपून ठेवत होते. पण टिपणे आणि कळणे यांत जे अंतर असते, ते मला ऑक्टोबरने दाखवले.

सप्टेंबरात वेलीचे घड पिकले. लहान, पिवळसर, जाड सालीचे, बियांचे. आमच्या निर्यातीच्या द्राक्षांपुढे अगदी गरीब. काकूंनी चिनी मातीच्या वाडग्यात ते आणून दिले. पहिला मणी दाताखाली फुटला तेव्हा आंबटपणाने डोळे मिटले आणि मग, फार उशिरा, मधासारखे काहीतरी जिभेवर आले. आमच्या द्राक्षांत गोडी धावत येते. ही चालत आली.

मग काकू गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेल्या. पुढचे व्यायाम धरून महिनाभर. जाताना किल्ली माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी फोनला सूचना सांगितल्या.

“कुंड्यांना पाणी द्यावे. गळालेली सफरचंदे उचलावीत. बाकी बाग स्वतःहून झोपी जाईल.”

बाग स्वतःहून झोपी जाईल! मी त्या वाक्यावर इतकी खूश झाले की नवऱ्याला दोनदा ऐकवले. कवितेत मुरलेल्या मनाची ही खोड आहे. ती साधी, स्पष्ट सूचना होती आणि मी तिला प्रतिमा समजून दाद दिली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दसरा आला. सकाळीच भावाचा फोन. हा माझा धाकटा भाऊ, आमची बाग आता तोच पाहतो.

“तायडे, शस्त्रं पुजली का?”

“पुजली. ह्यांचा पाना पुजला, माझं पेन पुजलं, लॅपटॉपला कुंकू लावलं.”

“लॅपटॉपला! मंग आता तो जावई झाला म्हण. आणि कात्री?”

“कसली कात्री?”

“छाटणीची. आपल्यात कात्री पुजल्याबिगर दसरा झालाय का कधी? त्या शेजारच्या म्हातारीची वेल हाय म्हणतीस, तर तिच्याकडं आसंलच की.”

कात्री होती. काकूंच्या मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेली, लाकडी मुठीची, पाते घासून घासून पातळ झालेले. माझ्या हाती किल्लीही होती.

“पण पुजली की एक काडी तरी घ्यायला पाहिजे,” भाऊ म्हणाला. “पुजलेलं हत्यार उपाशी ठेवू नये. आई काय म्हणायची?”

“अरे, वेल दुसऱ्याची आहे.”

“दुसऱ्याची म्हणूनच कर ना! ती बिचारी गुडघा धरून बसली तिकडं. येऊन बघंल तर बाग छाटलेली. लय आशीर्वाद दील. आक्टोबर चाललाय, तायडे. ही छाटणी हुकली तर पुढचं सालच गेलं.”

यातले एकही अक्षर आमच्याकडे खोटे नाही. नाशिकच्या हवेत द्राक्षवेलीला झोप नसते. थंडी तिला निजवण्याइतकी पडत नाही, म्हणून ती वर्षभर नुसती पाने काढत बसेल. तिला फळाची आठवण माणसाने करून द्यावी लागते, आणि ती कात्रीने. एप्रिलमध्ये एकदा छाटायचे, काडी तयार व्हावी म्हणून. ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटायचे, घड यावा म्हणून. ऑक्टोबरची न छाटलेली बाग म्हणजे आमच्याकडे आजारी घराची, बुडालेल्या घराची खूण. लहानपणी अशा बागेवरून जाताना आई मान दुसरीकडे वळवत असे. काकूंची वेल तशी दिसू नये, एवढेच माझ्या मनात होते.

मी कात्रीला हळदकुंकू वाहिले. झेंडू नव्हता, एक गुलाब वाहिला. आणि वेल छाटली.

तो दिवस किती सुंदर होता हे लिहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. हवेत कोळ्यांचे चंदेरी धागे तरंगत होते. ऊन तिरपे, मधाच्या रंगाचे. हातांना सारे आठवत होते: आधी पाने उतरवायची, मग प्रत्येक काडी मोजक्या डोळ्यांवर राखून कापायची, डोळा म्हणजे काडीवरची ती फुगीर गाठ, जिच्यातून पुढचा कोंब फुटतो. पाने अजून अर्धी हिरवी होती, देठाशी घट्ट. ती तुटताना त्यांचा कच्चा, आंबूस वास बोटांना लागला. कात्रीचा कट् कट् आवाज भिंतीवरून परत येई. बऱ्याच दिवसांनी मी कुणाच्या तरी कामाची झाले होते. संध्याकाळी भिंत स्वच्छ, वेल पाटीवरच्या अक्षरासारखी रेखीव. आपट्याच्या पानांऐवजी मी कोपऱ्यावरच्या बर्चच्या झाडाची पिवळीधम्मक पाने वेचून आणली. एरवी आपण हिरव्या पानाला सोने म्हणतो. त्या दिवशी हातात खरोखरच्या सोन्याच्या रंगाचे सोने होते.

नवऱ्याने सोने घेतले, भिंतीकडे पाहिले. “काकूंना विचारलंस?”

“नाही. आश्चर्याचा धक्का देणार आहे.”

“धक्का तर नक्की बसेल,” तो म्हणाला.

ऑक्टोबर संपता संपता काकू आल्या. दोन कुबड्या, पायाला पट्टा, तोंडावर घरी आल्याचा उजेड. मी त्यांना हाताला धरून थेट परसात नेले. मला आशीर्वाद हवा होता.

त्या भिंतीसमोर थांबल्या. कुबडीवरची बोटे पांढरी झाली. मग फोन काढून त्यात हळू आवाजात एक वाक्य बोलल्या, आणि फोनमधल्या बाईने तेच आपल्या निर्विकार, शुद्ध मराठीत मला विचारले:

“हिवाळ्याच्या तोंडावर आपण तिचे कपडे का उतरवले?”

मग थोडे थोडे करून त्यांनी सांगितले. तिथे पान तोडायचे नसते, ते आपले आपण पडते; पडण्याआधी पानात जे साठले आहे ते खाली खोडात, मुळात जाते, आणि त्या शिदोरीवर वेल थंडी काढते. छाटायचे ते मार्चमध्ये, थंडी ओसरल्यावर. तोवर सगळ्या काड्या राखायच्या, कारण काही काड्या थंडी खाते. तिने खाऊन उरलेल्या आपल्या. मी थंडीसाठी काहीच शिल्लक ठेवले नव्हते. शिदोरी मी दसऱ्याच्या दिवशी टोपलीत भरून कचऱ्यात टाकली होती.

“ती मरेल का?” मी विचारले.

“मला माहीत नाही,” फोन म्हणाला. काकू घरात गेल्या आणि दार लोटले.

मी भावाला सांगितले. तो म्हणाला, “मला काय ठाऊक, तायडे, तिथं वेल झोपती म्हणून. लय पाप झालं गं. अर्धं माझ्या नावावर धर.”

तीन दिवस काकू दिसल्या नाहीत. चौथ्या दिवशी, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, दार वाजले. काकू दारात, हाती काचेच्या दिव्यांची पिशवी. त्या दिवशी तिथे सगळे लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. गुडघ्यामुळे त्यांना एकटीने चालवत नव्हते. त्यांनी कोपर पुढे केले आणि मी त्याला धरले.

चार वाजून गेले होते, अंधारून आले होते. सारी टेकडी दिव्यांनी भरली होती, लाल, पिवळ्या. मेण आणि ओल्या पाचोळ्याचा वास. यजमानांच्या दगडावर काकूंनी दिवा ठेवला आणि त्यांच्याशी बोलू लागल्या, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावे तसे. फोन खिशात होता. मला एक शब्द कळत नव्हता. पण मध्येच “काकू” असे ऐकू आले, आणि बोलणे न थांबवता त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटले. त्या थोपटण्याचे भाषांतर मी आजवर करू पाहते आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेल निजवली. काकू खुर्चीवरून सांगत होत्या, मी फावडे मारत होते. खोडाच्या बुंध्याभोवती मातीचा गुडघाभर ढीग, त्यावर वाळकी पाने, त्यावर पेंढा, वरून सूचिपर्णी झाडाच्या फांद्या. मला राहवेना. घरात जाऊन मी गोधडी आणली, आईच्या जुन्या लुगड्यांची, जी मी एवढ्या लांब उशाशी आणली होती. उघड्या खोडाभोवती ती गुंडाळणार तोच काकूंनी कुबडी आडवी धरली.

“कापड ओले होते. ओले कापड गोठते. गोठलेले कापड तिला मारील,” फोन म्हणाला. मग त्यांनी गोधडीचे टाके बोटाने चाचपून पाहिले, ती उलगडली आणि माझ्याच खांद्यावर टाकली.

हिवाळा आला. त्याच्याविषयी मला वाईट लिहिता येणार नाही, मी त्याला भीत होते तरीही. पावणेआठला उजाडे आणि पावणेचारला मावळे. ऊन आलेच तर खिडकीच्या तळाशी आडवे येई आणि भिंतीवर केशरी पट्टा ओढून जाई. मी त्या पट्ट्यात हात धरून बसे. बर्फ पडला की आवाजच बंद होत. आमच्याकडे पाऊस बोलत येतो, पत्र्यावर, पानांवर, पन्हाळीत. बर्फ येऊन गेल्याचे उजेडावरून कळते. नवरा रोज सकाळी खिडकीबाहेरचा पारा वाचून दाखवी. “उणे चार.” “उणे नऊ.” जानेवारीत एकदा तो काही न बोलता चहाला बसला.

“किती?”

“उणे सोळा.”

मी खिडकीशी गेले. मातीचा तो ढीग बर्फाखाली नुसता एक फुगवटा झाला होता.

भावाचे फोन चालूच होते. “आज निफाडला पारा पाचावर आला, तायडे. पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवला, धूर केला बागेत. तू पण पेटव की शेकोटी.”

मी काकूंना विचारले. त्या हसल्या, छाटणीनंतर प्रथमच. “उणे सोळाला शेकोटी?” फोन म्हणाला. “मग आपण संपूर्ण गाव पेटवू या.”

भावाच्या बागेत मण्यांत पाणी उतरत होते, साखर भरत होती. एकाच जातीची दोन झाडे, एकाच दिवशी: एक फळांनी वाकलेले, एक जमिनीत तोंड खुपसून श्वास रोखलेले. माझ्या जिल्ह्यातही मी असे अंतर पाहिले होते. त्र्यंबकला छत्री उलटी करणारा पाऊस असतो आणि त्याच दिवशी चांदवडकडे धूळ उडत असते. पण तिथे निदान ऋतूचे नाव एकच असते. पृथ्वी इतकी कललेली आहे हे मी शाळेत शिकले होते. ते मला त्या खिडकीत, दोन फोनच्या मध्ये, समजले.

मार्चमध्ये काकू कुबड्यांशिवाय चालू लागल्या. एका सकाळी त्यांनी तीच लाकडी मुठीची कात्री आणून माझ्या हातात दिली. मी मागे सरले. त्यांनी माझी बोटे तिच्याभोवती मिटवली. “आता,” फोन म्हणाला. “आता वेळ आहे.”

वेल जिवंत असेल तर या दिवसांत कापलेल्या जागी पाण्याचा थेंब येतो, टपटपतो. मी पहिली काडी कापली. आत तपकिरी, कोरडे, भुश्शासारखे. दुसरी कापली. तिसरी. खाली येत येत मातीच्या ढिगापर्यंत आले. कुठेही थेंब नाही. मी काकूंकडे पाहू शकले नाही. त्या पाठीमागून काहीतरी म्हणाल्या, ते फोनला न सांगता पुढे आल्या आणि हाताने दाखवले: थांब. ढिगाला हात लावू नको.

“कलम हाय का ती?” त्या दिवशी भावाने विचारले. “आपल्यासारखं खाली रानटी खुंट आणि वर कलम आसंल, तर खालून फुटलं तरी ते रानटीच फुटंल. तिच्या मालकाची वेल नाय ती.”

हा प्रश्न मी काकूंपासून लपवून ठेवला. पुढचे दोन महिने मी तो घेऊन हिंडले. एप्रिलमध्ये सगळे एकदम सुरू झाले. आमच्याकडे वसंत तापलेल्या रस्त्यावर पळसासारखा सुटा सुटा येतो. तिथे तो धावत सुटला. सफरचंदे फुलली, बर्चवर पोपटी धुके आले, कुंपणाखाली जांभळी फुले. भिंत तेवढी रिकामी. काकूंच्या मुलखात अशी समजूत आहे की मेच्या मध्यावर एका संत स्त्रीच्या नावाचा थंड दिवस येतो, आणि तो गेल्यावाचून थंडीवर विश्वास टाकायचा नाही. आम्ही त्या दिवसाची वाट पाहिली.

तो दिवस गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी काकू जमिनीवर बसल्या, नवा गुडघा लांब पसरून, आणि हातांनी माती सारू लागल्या. मी समोर बसले. पेंढा काढला, काळी झालेली पाने काढली, मग माती, ती हलकी, गळती माती. वीतभर खाली माझ्या बोटाला काहीतरी लागले. गार, गुळगुळीत, ओलसर. मी हात थांबवला. काकूंनी फुंकर मारून माती उडवली.

आल्याच्या कोंबासारखा, पांढुरका, टोकाशी गुलाबी. एक. त्याच्या पलीकडे आणखी एक.

मग मी दोन महिने घेऊन हिंडलेला प्रश्न फोनला सांगितला: ही वेल कलमाची तर नाही ना? कोंब मूळ वेलीचाच ना?

त्यांनी ऐकले. मग मातीने भरलेला उजवा हात वर उचलून, मूठ वळून, हवेत एक काडी सरळ धरल्यासारखी धरली. फोन बोलला तो नंतर: “ही काडी होती. मी स्वतः धरली होती. खाली दुसरे काहीच नाही.”

मी त्यांच्या खांद्यावर डोके टेकवले. माझे हात मातीचे होते, त्यांचेही. त्यामुळे कुणालाच डोळे पुसता येईनात.

मी भावाला फोटो पाठवला. त्याचा फोन लगेच. “तायडे! जित्ती हाय! मातीनं राखली गं. मातीनं राखली.” मागून वहिनीचा आवाज आला, “पेढे वाटा म्हणावं आता.” त्याने खरोखरच बागेवरच्या माणसांना पेढे वाटले आणि कशाचे ते सांगताना म्हणे त्याची पंचाईत झाली.

ऑगस्टात आम्ही निघालो तेव्हा वेल माझ्या खांद्याएवढी होती, घडाशिवाय. त्यानंतरचे दोन हिवाळे काकूंनी तिला नीट निजवले. या सप्टेंबरात एक फोटो आला: तोच चिनी मातीचा वाडगा, त्यात तीन घड.

यंदा दसऱ्याला मी निफाडला होते. कात्रीला हळदकुंकू, झेंडू, आणि भावाने पहिली काडी माझ्याकडून कापून घेतली. काळी माती तळव्यांना धरून होती, ऊन डोक्यावर. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर काकू, लोकरी टोपी घातलेल्या, मागे विटांची भिंत, भिंतीवर पिवळी पाने, सगळीच्या सगळी जागच्या जागी.

“काकू!” त्या ओरडल्या.

“काकू, रामराम!” भाऊ माझ्या खांद्यावरून ओरडला. “तुमची वेल कशी हाय?”

फोनमधली बाई या बोलीने जरा गोंधळली असावी, पण काकूंना कळले. त्यांनी खिडकीखालचा पेंढ्याचा भारा दाखवला.

“माझ्या वेलीला अजून झोप आलेली नाही,” फोन म्हणाला. “मी वाट पाहत आहे. तुमची उठली का?”

वेलीवरच्या नुकत्याच कापलेल्या काडीजवळ मी फोन नेला. कापलेल्या जागी एक थेंब जमत होता, स्वच्छ, जड, उन्हाने भरलेला. काकू पुढे वाकल्या, चष्मा कपाळावर सरकवला. थेंब वाढला, क्षणभर टांगून राहिला, आणि काळ्या मातीत पडला. दुसरा यायला लागला. आम्ही तिघेही तो बघत राहिलो.